बाय कोणाकडे आहे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)

संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितले, "प्रत्येक तुकडीतून एकाने निवृत्तीनंतरच्या एका अनुभवावर बोलायचे आहे. १९७८ च्या दहावीतून तुम्ही बोला." मी म्हटले, माझा कसला अनुभव? चौतीस वर्षे बँकेत नोटा मोजल्या आणि घरी आले. सकाळच्या सत्रात आपण ऐकलेत, कोणी नर्मदा परिक्रमा केली, कोणी आजोबांची कलमांची बाग पुन्हा उभी केली. माझ्या हातून यातले काही झाले नाही. मी आपली लेक, जावई, आमचे हे आणि चार वर्षांची नात यांच्याबरोबर क्रूझवर गेले. मुंबईहून गोवा आणि गोव्याहून मुंबई, तीन रात्री. आणि त्या जहाजावर मी माझी नात हरवली.

बावीस मिनिटे. घाबरू नका, सापडली. तिसऱ्या रांगेत बसून लाडू खातेय ती तीच. पण आज मी बोलणार आहे ते त्या बावीस मिनिटांबद्दल. आपल्यातले बरेचजण आता आजी-आजोबा आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मुले म्हणतील, "चला, या वर्षी क्रूझला जाऊ." जरूर जा. फक्त जाण्याआधी माझे ऐका.

मुळात 'क्रूझ' हा शब्द माझ्या तोंडात अजून बसलेला नाही. आपल्या मालवणात त्याला एकच शब्द, बोट. साठीच्या पुढच्या सगळ्यांना ती आठवत असेल. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी एकेक बंदरे घेत मालवण, वेंगुर्ले करून पणजीला जायची. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावे आपल्याला पाढ्यांसारखी पाठ होती. मालवणात बोट धक्क्याला लागत नसे. बाहेर नांगर टाकायची आणि माणसे, ट्रंका, वळकट्या सगळे पडावात उतरायचे. पावसाळा लागला की बोटी बंद. पुढे रस्ते सुधारले, एसटी वाढली, बोटी कायमच्या थांबल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोट ही फक्त सांगायची गोष्ट उरली.

मी चार वर्षांची असताना आईबरोबर त्या बोटीने मुंबईला गेले होते. वडील गिरणीत होते. आई एकटी, बरोबर सहा वर्षांचा भाऊ, मी आणि अंगावर पिणारी धाकटी. डेकचे तिकीट. उघड्यावर सतरंजी टाकायची, उशाला ट्रंक घ्यायची, आणि रात्रभर समुद्र ऐकायचा. आईने लुगड्याच्या पदराचे टोक माझ्या मनगटाला बांधले होते आणि भावाला सांगितले होते की ट्रंकेची कडी सोडायची नाही. तिला उठून जायचे असले की ती शेजारच्या अनोळखी बाईला म्हणायची, "माझ्या चेडवाक बघा हां वयनी." ती बाई माझ्या मनगटाचा पदर स्वतःच्या हातात घ्यायची आणि म्हणायची, "जा गो, माझ्याकडे आसा." मगच आई उठायची. परत आली की म्हणायची, "इलंय हां." हे संवाद मला शब्दशः आठवतात, कारण माझा पदर या हातातून त्या हातात जाताना मला फार गंमत वाटायची. त्या संवादांची किंमत कळायला मात्र साठ वर्षे गेली.

आता आमच्या प्रवासाकडे येते.

बॅलार्ड पिअरला पोचलो. जहाज समोर उभे, म्हणजे आपल्या शाळेची इमारत एकावर एक तीन ठेवली तरी ते उंचच भरेल. नात म्हणाली, "आज्जी, ही बोट नाही, ही बिल्डिंग आहे." तिचे खरे होते. लिफ्ट, दुकाने, नाटकघर, पोहायचा तलाव सगळे आत. आणि हेच पुढे आम्हाला महागात पडले. उघड्या डेकवर माझ्या आईला दर क्षणी कळत होते की आपण समुद्रावर आहोत. आम्ही मात्र अर्ध्या तासात विसरलो.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना एका ठराविक जागी बोलावतात. धोक्याचा भोंगा सात वेळा आखूड आणि एकदा लांब वाजतो, तो ऐकला की कुठे जमायचे, लाइफ जॅकेट कसे घालायचे, हे दाखवतात. आजूबाजूचे लोक सेल्फी काढत होते. मला मात्र तिथे उभी असताना 'रामदास' आठवली. १७ जुलै १९४७, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आपल्या आईवडिलांच्या पिढीतले कोणी बोटीने निघाले की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ते नाव यायचेच. आणि ही गोष्ट फक्त जुन्या काळाची नाही. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे भलेमोठे क्रूझ जहाज खडकावर आपटून कलंडले आणि ३२ जण गेले. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत अजून व्हायचीच होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत झालीच पाहिजे. तेव्हा ती वीस मिनिटे कंटाळवाणी मानू नका. नातवंडाला कडेवर घेऊन पुढे उभे राहा.

आणखी एक. खोलीतल्या कपाटात लाइफ जॅकेटे असतात ती बहुधा मोठ्यांची. लहान मुलांची वेगळी असतात, ती जहाजावर ठेवणे बंधनकारक असते, पण मागावी लागतात. पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि एकदा घालून बघा. आमच्या नातीने ते घातल्यावर अर्धा तास काढू दिले नाही.

थोडे व्यवहाराचे सांगते, कारण दुपारच्या चहाला मला तेच विचारले जाणार आहे. खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्यावी, तिथे हेलकावे कमी लागतात. बाल्कनीची खोली घेतलीत तर आतली खुर्ची कठड्याजवळ कधी ठेवू नका, पोर चढलेच म्हणून समजा. न्हाणीघराच्या दाराला उंबरा असतो आणि दारे जड असतात. पहिल्या दिवशी बोटे चेमटण्याची भीती समुद्रापेक्षा जास्त. बादली-मग मिळण्याची आशा सोडा, सगळीकडे शॉवर. आमची नात शॉवरला घाबरून रडायची, शेवटी कचऱ्याची नवीकोरी बादली मागून घेतली आणि पेल्याने अंघोळ घातली. किटली, इस्त्री घरून न्यायला देत नाहीत. पण मेतकूट नेता येते. जेवणाच्या दालनात चाळीस पदार्थ मांडलेले असताना आमच्या बाईसाहेब तिन्ही दिवस भात, तूप आणि मेतकूट यावर राहिल्या. जावयांना वाईट वाटत होते की पैसे भरलेत आणि मुलगी काही खात नाही. मी म्हटले, पैसे आपण भरलेत, तिने नाही.

मुलांच्या खेळघराची चौकशी तिकीट काढतानाच करावी. बऱ्याच जहाजांवर तीन वर्षांच्या पुढच्या आणि लंगोट सुटलेल्या मुलांनाच एकटे ठेवून घेतात. लंगोटातल्या बाळांना तलावात सोडत नाहीत. आणि तलावापाशी जीवरक्षक असेलच असे समजू नका, अनेक जहाजांवर नसतो. जेवणाआधी हात साबणानेच धुवा. पोट बिघडवणारा जो विषाणू जहाजांवर पसरतो, त्याच्यापुढे हाताला लावायचे ते नुसते जेल कमी पडते.

बोट लागण्याबद्दल. अगदी तान्ह्या बाळांना सहसा लागत नाही, दोन वर्षांपासून पुढे बारापर्यंतच्या मुलांना जास्त लागते. आमच्या नातीला पहिल्या रात्री लागली. औषध लागले तर कोणते आणि किती, हे आधीच मुलांच्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. आम्ही तिला वर मोकळ्या हवेत नेले, दूर क्षितिजाकडे बघायला लावले, आणि मी पिशवीतून आमसूल काढून चोखायला दिले. तिला बरे वाटले. जावई स्वतः हिरवे झाले होते, त्यांनीही हळूच एक मागितले.

आता मुख्य गोष्ट.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रात होता. संध्याकाळी चारच्या सुमारास आम्ही वरच्या मजल्यावर, तलावाशेजारी एका टेबलाभोवती बसलो होतो. चार मोठी माणसे आणि एक पोर. गाणी मोठ्याने लागली होती, समोर कोणीतरी नाचत होते. आमच्या यांचा डोळा लागला होता. मी शेजारच्या टेबलावरच्या सांगलीच्या बाईंशी बोलत होते. जावई चहा आणायला उठले. लेक टॉवेल आणायला खोलीत निघाली आणि जाताजाता मला म्हणाली, "आई, बघ हं." मी मान हलवली.

मी मान हलवली, कारण मला वाटले ती नाच बघायला सांगतेय.

नातीने आईला लिफ्टकडे जाताना बघितले आणि ती तिच्या मागे निघाली. चहाच्या रांगेतून जावयांनी ते बघितले. त्यांना वाटले, दोघी बरोबर चालल्यात. लेकीला वाटले, बाय आईजवळ आहे. मला वाटले, बाय तिच्या आईबरोबर गेली. यांना काही वाटण्याचा प्रश्नच नव्हता. चौघांपैकी एकानेही निष्काळजीपणा केला असे मला आजही म्हणता येत नाही. प्रत्येकाची खात्री होती, आणि प्रत्येकाची खात्री दुसऱ्याच्या भरवशावर होती.

सहा-सात मिनिटांनी लेक एकटी परत आली आणि म्हणाली, "बाय कुठेय?"

ते दोन शब्द ऐकल्यावर पोटात काय होते ते मी सांगू शकत नाही. मी उठले आणि सरळ कठड्याकडे धावले. खाली बघितले. पाणी कापत जहाज चालले होते, पांढरा फेस मागे जात होता. मी किती वेळ बघत उभी होते मला माहीत नाही. जावई शहाणे, ते आधी तलावाकडे धावले. पाणी असेल तिथे पहिल्यांदा बघायचे, हे बरोबर. लेक आणि हे दोघेही नेमके एकाच जिन्याने खाली धावले, हे चूक. आणि सगळ्यात मोठी चूक, स्वागतकक्षात जाऊन सांगायला आम्हाला दहा मिनिटे लागली. आम्हाला लाज वाटली. आधी आपण शोधू, मग सांगू. मुलाच्या बाबतीत ही लाज बाळगू नका. पहिल्या मिनिटाला सांगा. त्यांच्याकडे प्रत्येक मजल्यावर माणसे असतात, एकमेकांशी बोलायची यंत्रे असतात. आपल्याकडे काय असते? भर समुद्रात फोनसुद्धा लागत नाही.

तिथल्या मुलीने शांतपणे विचारले, "फ्रॉकचा रंग कोणता?" सकाळी मीच तो फ्रॉक घातला होता, मीच बटणे लावली होती. मला रंग आठवेना. म्हणून सांगते, रोज सकाळी तयार झाल्यावर मुलाचा एक फोटो काढून ठेवा.

तिच्या दंडावर लेकीने पेनाने स्वतःचा मोबाइल नंबर लिहून ठेवला होता. विमानतळावर, जत्रेत तो उपयोगी पडला असता. इथे सगळ्यांचे फोन बंद करून ठेवलेले होते, कारण समुद्रात ते जहाजाच्या उपग्रहावर गेले की बिल भलतेच येते. लिहायचा होता खोलीचा नंबर. तो आम्ही लिहिला नव्हता.

झाले होते असे. लेक गेली ती लिफ्ट बंद झाली. नात दुसऱ्या लिफ्टमध्ये शिरली, तिथे आधीच माणसे होती, ती कोणीतरी सातव्या मजल्यावर उतरली तशी हीही उतरली. आमची खोली पाचव्यावर. पण जहाजाचे सगळे मजले सारखे. तोच गालिचा, तीच दारे. लिफ्टमधून उतरून डाव्या हाताला चौथे दार, एवढे तिला पक्के ठाऊक होते. ती बरोबर चौथ्या दारापाशी गेली आणि दार वाजवू लागली, "आज्जी, दार उघड." दार उघडेना, तेव्हा तिला वाटले आज्जी झोपलीय, म्हणून ती तिथेच खाली बसली.

पलीकडच्या खोल्या आवरणाऱ्या मुलाने हे मराठी ऐकले. तो निघाला सावंतवाडीकडचा. आपल्या सिंधुदुर्गातली आणि गोव्याची किती मुले जहाजांवर नोकरीला असतात ते तुम्ही जाणताच. त्याने दंडावरचा नंबर फिरवून बघितला, लागला नाही. मग त्याने यंत्रावरून खाली कळवले, आणि तो तिला कुठेही घेऊन गेला नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर, मोकळ्या वाटेत, जमिनीवर बसून राहिला. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा तो उठून उभा राहिला. माझ्या तोंडातून मालवणीच निघाले असणार, कारण तो हसून म्हणाला, "भियां नको काकी. माझ्याकडे आसा."

फ्रॉक पिवळा होता.

इथपर्यंतची गोष्ट मी चारचौघांत हसत सांगते. पुढची फारशी कोणाला सांगितलेली नाही. आज शाळेत उभी आहे, म्हणून सांगते.

रात्री खोलीत लेक म्हणाली, "आई, मी तुला सांगून गेले होते."

मी म्हटले, "मला ऐकू आले नाही."

"मग मान का हलवलीस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. थोडा वेळ गेला आणि ती म्हणाली, "मुंबईला गेल्यावर पाळणाघर बघू का?" रागाने नाही हो, अगदी हळू आवाजात. तुम्हाला सांगायला हवे की लेक-जावई दोघे नोकरी करतात आणि नात सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत माझ्याकडे असते. तीन महिन्यांची होती तेव्हापासून. निवृत्तीनंतर मी काय केले असे कोणी विचारले तर माझ्याकडे दाखवायला तेवढेच आहे. त्या एका प्रश्नाने माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि तिथे तर पायाखाली जमीन नव्हतीच.

मला झोप लागली नाही. पहाटे आमचे हे उठून बसले. हे कमी बोलतात. म्हणाले, "चौतीस वर्षांत तू कधी नुसती मान हलवून कॅश ताब्यात घेतलीस का?"

आणि मला लख्ख दिसले. बँकेत पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जातात तेव्हा घेणारा मोजतो आणि घेणारा सही करतो. देणाऱ्याने "ठेवलेत हं" म्हटले म्हणजे ताबा दिला असे होत नाही. घेणाऱ्याची सही झाली की ताबा. 'मला वाटले तुमच्याकडे आहेत' हे वाक्य माझ्या काउंटरवर मी कोणाचे ऐकून घेतले नसते. दहा रुपयांच्या बंडलासाठी मी सही घेत आले, आणि नातीसाठी मान हलवली.

माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. तिला हे ठाऊक होते. "माझ्या चेडवाक बघा" एवढे म्हणून ती कधी उठली नाही. "माझ्याकडे आसा" हे ऐकल्यावर उठली. पदर हातात गेलेला बघून उठली. एकटी बाई, तीन पोरे, उघडा डेक, आजूबाजूला काळोखा समुद्र. तिचे पोर हरवले नाही. आम्ही चार शिकलेली माणसे, बंद जहाज, जागोजागी कॅमेरे, आणि आमचे हरवले. मुलाकडे आठ डोळे असले की प्रत्येक डोळ्याला वाटते, उरलेले सात आहेत. लग्नघरात, जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर, भरल्या घरातच मुले नजरेआड होतात, त्याचे कारण हेच.

सकाळी नाश्त्याला मी सगळ्यांना नियम सांगितला. बाय ज्याच्याकडे, तो एकटाच जबाबदार. उठायचे असेल तर दुसऱ्याला विचारायचे. दुसऱ्याने तिचा हात धरून मोठ्याने म्हणायचे, "बाय माझ्याकडे आहे." ते ऐकल्याशिवाय पहिल्याने हलायचे नाही. लेक काही बोलली नाही. पण उठताना तिने मुलीचा हात माझ्या हातात दिला आणि उभी राहिली. मी म्हटले, "बाय माझ्याकडे आहे." मग ती गेली.

त्या दिवशी गोव्यात आम्ही मुरगावला उतरलो, जुन्या गोव्याची चर्चे बघितली, जेवलो, परत आलो. दिवसभरात हा ताबा निदान वीसदा बदलला असेल. दुपारपर्यंत नातीला त्याचा खेळ झाला. ती स्वतःच जाहीर करायची, "आता मी बाबाकडे!" आणि तुम्हाला सांगते, त्या दिवसापासून प्रवासाची खरी मजा सुरू झाली. कारण ज्या वेळी बाय माझ्याकडे नसायची, त्या वेळी मी खरोखर मोकळी असायचे. आधीचे दोन दिवस आम्ही चौघेही अर्धवट लक्ष ठेवून होतो आणि अर्धवट मजा करत होतो. दोन्ही धड झाले नाही.

संध्याकाळी जहाज गोव्याहून उत्तरेला निघाले. आता किनारा उजव्या हाताला. मी हिशेब केला होता की रात्री नवाच्या सुमारास आपण मालवणसमोरून जाणार. ही मोठी जहाजे पुष्कळ बाहेरून जातात, त्यामुळे काही दिसण्याची आशा नव्हती. तरी मी नातीला घेऊन उजव्या कठड्याशी उभी राहिले. दूर चार-पाच दिवे लुकलुकत होते. किनाऱ्याचे असतील, मासे धरणाऱ्या होड्यांचेही असतील. मी तिला सांगितले, "तिकडे आज्जीची शाळा आहे." तिने विचारले, "शाळा बोटीला दिसते?" मी म्हटले, "शाळेला बोट दिसते." आपल्या वर्गाच्या खिडकीतून बोट दिसली की भूगोलाचे सर फळ्याकडे वळलेले असताना आपण सगळे कसे बाकावर उभे राहायचो, ते तिला कसे सांगणार?

मागून लेक आली. शेजारी उभी राहिली. जरा वेळाने म्हणाली, "आई, दे तिला. माझ्याकडे आहे." मी हात सोडला. पाळणाघराचा विषय पुन्हा निघाला नाही. सोमवारी सकाळी ती कामाला निघाली, दारात थांबली. रोज नुसता टाटा करून जाणारी माझी मुलगी तशीच उभी. मी म्हटले, "बाय माझ्याकडे आहे." तेव्हा ती जिना उतरली. त्याला आता दीड वर्ष झाले. एकही सकाळ आम्ही हे वाक्य चुकवलेले नाही.

जाता जाता एक आठवण आणि एक विनंती.

सहावीत असताना आपली सहल सिंधुदुर्ग किल्ल्यात गेली होती. समोरच्या समोर, होडीने एवढासा प्रवास. पण बाईंनी आपल्याला धक्क्यावर मोजले, होडीत बसल्यावर मोजले, किल्ल्याच्या दरवाजात मोजले आणि परत येतानाही तसेच. आपण चिडवायचो, "बाई, रेतीत कोण हरवणार?" बाई शेवटचा आकडा मोठ्याने म्हणायच्या, "सेहेचाळीस." आणि मगच हसायच्या.

आज सकाळी नोंदणीच्या टेबलावर मी आपल्या तुकडीची यादी मोजली. सवय आहे. सेहेचाळीसपैकी एकोणतीस जणांच्या सह्या आहेत. सहा जण आता आपल्यात नाहीत, त्यांना मघाशी आपण उभे राहून आदरांजली वाहिली. राहिले अकरा. ते कुठे आहेत असे मी सकाळपासून विचारतेय. प्रत्येकजण म्हणतो, "त्याचा नंबर कोणाकडे तरी असेल." आमच्या टेबलावरही त्या दिवशी असेच झाले होते.

त्या अकरा नावांची यादी मी चहाच्या टेबलावर ठेवली आहे, शेजारी पेन आहे. एकेकाने एक नाव घ्या आणि पुढे सही करा. पुढच्या मेळाव्याला ते माणूस शोधून आणायची जबाबदारी तुमची एकट्याची. यादीतले पहिले नाव आपल्या मागच्या बाकावरच्या, सगळ्यांच्या शाई मागणाऱ्या त्या मुलाचे आहे.

तो माझ्याकडे आहे.